राजमार्गाखालची मेट्रो आणि आपले मकान

(सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात मागील पन्नास वर्षांचा गौरव करावयाचा, असा संकेत आहे. तो भार कार्यवाहांच्या अहवालाने उचललाच आहे. मला दिलेला विषय पुढचा आहे. चौकबाजारापासून भागळमार्गे रेल्वे स्टेशनाकडे जाणारा आपला राजमार्ग मेट्रोसाठी खणला गेला, आणि आता त्याच्या दोन्ही अंगांना नवी उभारणी होऊ घातली आहे. त्यात आपल्यासारख्या संस्थेने काय करावे? ट्रस्टचे जुने मकान ह्याच भागातल्या एका शेरीत आहे व त्याच्या किमतीच्या चौकशा सुरू झाल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न नगररचनाकारांवर सोपवून चालणार नाही.

आधी थोडी माहिती देतो. सुरत मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०१९ साली मिळाली व शिलान्यास १८ जानेवारी २०२१ रोजी झाला. दोन मार्ग मिळून लांबी सुमारे ४० किलोमीटर आणि अंदाजी खर्च १२ हजार कोटी रुपये. सरथाणा ते ड्रीम सिटी ह्या पहिल्या मार्गाचा कापोद्रा ते चौकबाजार हा साडेसहा किलोमीटरांचा तुकडा भुयारी आहे. जुन्या गावात खांब रोवायला जागा कोठे आहे? बोगद्याचे यंत्र खोलवरून जाते, वरच्या माणसाला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. स्थानकाचे तसे नसते. त्याचा खड्डा वरूनच घ्यावा लागतो. म्हणून मस्कती हॉस्पिटल व चौकबाजार येथे रस्ता अडला आणि कित्येक दुकानदारांच्या दिवाळ्या पत्र्याच्या आडोशामागे गेल्या. त्यांची तक्रार खोटी नव्हती. ज्याचा गल्ला रोजच्या येणाऱ्या-जाणाऱ्यावर चालतो, त्याला पाच वर्षांनंतरच्या भरभराटीचे चित्र दाखवून काय उपयोग?

हे गाव उलथेपालथे होण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८३७ च्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. लाकडी सांगाड्याची घरे आणि अरुंद शेऱ्या, आग थांबणार तरी कशी? त्याच वर्षी तापीचा पूरही आला. १९९४ च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव ह्यांनी शहर धुऊन काढले आणि रस्ते रुंद केले. तटाचे दरवाजे तर केव्हाच गेले. दिल्ली दरवाजा, लाल दरवाजा, मजुरा, उधना ही नावे तेवढी रिक्षावाल्यांच्या तोंडी उरली आहेत. टिकले ते वापरातले. १६४४ साली बांधलेली मुगलसराई मुसाफिरखाना होती. १८६७ पासून तेथे नगरपालिकेचे दप्तर आले, म्हणून ती आजही उभी आहे.

सुरतेत मराठी माणूस इतिहास सांगू लागला की श्रोत्यांना १६६४ आठवते आणि ते गालात हसतात. हसू द्या! ह्याच शहरात दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी दुर्गाराम मेहताजींबरोबर १८४४ मध्ये मानवधर्मसभा काढली, हेही आपण सांगत जावे.

आता नव्या धोरणाकडे वळू. केंद्र सरकारचे २०१७ चे धोरण असे सांगते की, स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटरांत, म्हणजे पायी दहा-बारा मिनिटांत, घरे, दुकाने व कचेऱ्या दाटीने असाव्यात. त्यासाठी वाढीव चटईक्षेत्र द्यावे आणि माणसाने मोटारीवाचून हिंडावे. विचार उत्तम आहे. परंतु खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि भाजी, देऊळ, शाळा हाकेच्या अंतरावर, ही जुन्या सुरतेची मूळचीच रीत होय. मला भीती उलटी वाटते. वाढलेले चटईक्षेत्र सगळे दुकानांना आणि गोदामांना गेले, तर बिऱ्हाडे हलतील, आणि रात्री नऊनंतर ह्या रस्त्यावर पहारेकऱ्यांखेरीज कोणी राहणार नाही.

गिरगावकरांकडून येथे शिकण्यासारखे आहे. मुंबईच्या भुयारी मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीच्या चाळी जाणार असे कळताच २०१५ साली ते रस्त्यावर उतरले. मेट्रो नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. घर गिरगावातच हवे, एवढा त्यांचा आग्रह होता. अखेर मेट्रो महामंडळाने पुनर्विकास स्वतःच्या अंगावर घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या स्थानकांतून गाडी धावू लागली; सर्वांची घरे मात्र तोवर पुरी झाली नव्हती. गाडीचे वेळापत्रक सरकार पाळते, घराचे वेळापत्रक आपण पाळून घ्यावे लागते.

आपली बहुसंख्य मंडळी राहतात लिंबायत, डिंडोली, पांडेसरा येथे. खानदेशातून आलेली ही कुटुंबे मेट्रोच्या अगदी दारात नाहीत. पांडेसऱ्याच्या माणसाने बीआरटीएसच्या बसने उधना दरवाज्यास यावे, तेथे मेट्रो धरावी, मजुरा गेटला बदलून चौकबाजार गाठावा, अशी ही योजना आहे. दोन वाहनांचे मिळून तिकीट स्वस्त नसेल, तर भागळच्या दुकानातला आपला मुलगा रिक्षातच दाटीने बसून येईल. महापालिकेकडे निवेदन द्यावयाचे तर ह्या तिकिटाचे द्यावे. स्थानकाच्या नावासाठी नव्हे.

राहिले मकान. विकून मोठी रक्कम येईल, तिच्या व्याजावर शिष्यवृत्त्या देता येतील, असे काही विश्वस्तांचे मत आहे. मी त्याचा आदर करतो, पण सहमत नाही. नंदुरबारहून रोग्याला घेऊन येणारा आपला माणूस सुरत स्टेशनावर उतरतो. पुढचेच मेट्रो स्थानक मस्कती हॉस्पिटलचे, आणि त्याच मार्गावर पुढे मजुरा गेटला नवे सिव्हिल हॉस्पिटल. ह्या दोहोंच्या मध्ये, पायी चालण्याच्या अंतरावर, रोग्याच्या नातेवाइकांना चार रात्री पथारी टाकता येईल अशी जागा आज विकली, तर शिष्यवृत्तीच्या सगळ्या व्याजातही पुन्हा घेता येणार नाही. मेट्रोमुळे तिची किंमत वाढते, तसा उपयोगही वाढतो.

न विकावयाचे म्हणजे पडू द्यावयाचे, असे मात्र नव्हे. भिंतींच्या तड्यांची मोजमापे तारखेसह, छायाचित्रांसह नोंदून ठेवावीत. पुढे भरपाईचा प्रश्न निघाला तर तोंडी सांगणे कोणी ऐकत नाही. तळमजल्याच्या दोन्ही भाडेकरूंशी आजच लेखी बोलणे करावे. आणि कोणताही व्यवहार करावयाचा झाल्यास सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे इसार घेण्यापूर्वी ध्यानात असावे. वरच्या दोन मजल्यांवर सोळा खाटा बसतात. त्याचा नकाशा व दुरुस्तीचा अंदाज कार्यालयात ठेवला आहे. सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांनी तो पाहावा आणि आकड्यांत काही कमीजास्त वाटल्यास कार्यवाहांना लेखी कळवावे.