सातच्या लोकलनंतरचा डोंगर

तीस-पस्तीस वर्षं डोंबिवली-ठाण्याच्या फलाटावर उभं राहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर डोंगर खुणावतो. हे वेड जुनंच आहे. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात माथेरानचा डोंगर चढले आणि पुढे त्यांनी तिथं घरही बांधलं. नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली ती १९०७ मध्ये.

कल्याणहून नेरळ लोकलच्या टप्प्यात आहे. पण राहायला जाणं म्हणजे सहल नव्हे. माथेरान साधारण आठशे मीटर उंचीवर. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे लाल मातीची वाट. पावसाळ्यात धुकं खिडकीतून घरात येतं, कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, गुडघे कुरकुरतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: डोंबिवलीतला ब्लॉक विकायची घाई नको. आधी भाड्यानं एक अख्खा पावसाळा काढा. रात्री दुखलं-खुपलं तर दवाखाना किती लांब, हे दोघांनी मिळून पाहा. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवर देता येतो, ती एक काळजी मिटली.

आणि बोलायला माणूस हवं. वाणसामान घेताना दुकानदाराशी, घोडेवाल्याशी दोन शब्द बोला. पहिल्या महिन्यात पहाटे जाग येईल, लोकल पकडायची म्हणून. उठा, चहा टाका. बाहेर शेकरू दिसण्याची वेळ तीच.