सापाचं वर्ष आणि आपला सातबारा

(बालाघाट डोंगरातल्या एका वस्तीवर, मृगाच्या तोंडावर झालेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठक जमिनीच्या दाव्यांची आणि आम्ही बोलायला लागलो सापावर, असं कुणालाही वाटेल. पण साप आपल्या जमिनीच्या प्रश्नातच वेटोळं घालून बसलाय. ते कसं, ते आम्ही सांगतो.

2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरात गेली. बहुतेक खेड्यातली. सापाचं विष तर बारा महिने असतं. मग याच चार महिन्यांत एवढं मरण का? कारण या दिवसांत सापाचं काम आणि आपलं काम एकाच जागी येतं.

उन्हाळ्यात साप दिवसा तापल्या दगडावर निघत नाही. रात्री निघतो, गारव्याला रांजणाखाली, कुडाच्या बुडाशी येतो. मृगाच्या आगेमागे घोणस पिल्लं देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. वीतभर पिल्लू, पण विष जन्मापासूनचं. नागाची उन्हाळ्यातली अंडी पावसाळ्यात फुटतात. बिळात पाणी शिरलं की साप वर येतो, बेडकामागं बांधावर फिरतो. त्याच बांधावर आपली पेरणी, खुरपणी. बाई वाकलेली, हात तणात. नागपंचमीला जमीन उकरू नये असं जुनी माणसं सांगतात. तो एक दिवस पाळता येतो, बाकीचे दिवस पोट पाळू देत नाही.

मण्यार रात्रीची. उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरात शिरते आणि भुईवर निजलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. लोक म्हणतात, झोपेतच गेला.

पाऊस सरला तरी सुटका नाही. सीताफळं वेचायला डोंगरात गेलं की दगडाखाली फुरसं. सोयाबीन काढताना ढिगाखाली घोणस. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला गेलो, तर हिवाळ्यात घोणशीचा जोडीचा हंगाम, ती दिवसाही उन्हाला बाहेर येते. उसात उंदीर, उंदरामागं नाग. आपण अंधारात फडात शिरतो आणि रात्री कोपीत भुईवर निजतो.

आता ऐका. चावलं तर चिरू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. तो हात किंवा पाय काठीला सैल बांधून हलू देऊ नका. माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच लस चालते. म्हणून साप मारण्यात, धरण्यात वेळ घालवू नका. मंत्रानं उतरलं असं वाटतं, ते बिनविषारी साप चावलेला असतो किंवा विष टोचलंच गेलेलं नसतं. देवाला हात जोडायचे तर गाडीत बसून जोडा.

आता जमिनीचं. खाटेवर निजा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा, भिंतीच्या भेगा बुजवा, असं सगळे सांगतात. खरंच आहे ते. पण पालाला भिंत कुठून आणायची? जागा नावावर नाही म्हणून घरकुल नाही, घरकुल नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून अंधारात पाय पडतो. आणि माणूस गेला तर? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. सर्पदंशाच्या मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. पण घरात कुणाच्या तरी नावे सातबारा पाहिजे. तीस-तीस वर्षं गायरान, वनजमीन कसणारा माणूस सरकारच्या लेखी शेतकरीच नाही. साप कागद बघून चावत नाही. भरपाई मात्र कागद बघूनच मिळते.

म्हणून आज तीन गोष्टी ठरवू.

एक, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या प्रत्येक आदिवासी घराचा दावा ग्रामसभेतून पुढं गेला पाहिजे. गायरानवाल्यांनी 14 एप्रिल 1990 च्या आधीचे पुरावे, दंडाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

दोन, ज्याच्या घरी सातबारा आहे, त्यानं दुर्घटना झाली तर केसपेपर, पंचनामा, डॉक्टरचा दाखला लगेच घ्यावा आणि उशीर न करता तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

तीन, पेरणीआधी आपण सगळे मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ आणि विचारू: लस आहे का? किती आहे? रात्री डॉक्टर असतो का? उत्तर लेखी घेऊ.

साप दिसला तर वाट द्या, त्याला मारू नका. तो उंदीर खातो, आपलं धान्य राखतो. आपलं भांडण सापाशी नाही. ज्यांनी आपल्याला भुईवर निजवलं आणि तीच भुई आपल्या नावावर केली नाही, त्यांच्याशी आहे.