रुपेरी बाण आणि कामाचे तास



जर्मन शर्यतीच्या मोटारी हा आजचा विषय फलकावर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. बोनस, महागाईभत्ता आणि बंद पडलेल्या गिरण्या यांवर बोलणारा माणूस मोटारींच्या शर्यतींविषयी काय सांगणार, असा प्रश्न एका मित्राने आम्हांला तोंडावर विचारलाही. आमचे उत्तर साधे आहे. मोटार हे यंत्र आहे, आणि यंत्र जेथे आहे तेथे कामगार आहेच. आमचे शिक्षण शाळेत थोडे व सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. तेथे जे वाचले त्यातले निवडक आपणांपुढे ठेवतो.

हा विषय वाटतो तितका नागपूरपासून दूरही नाही. १ जानेवारी १८७७ रोजी ज्या टाटांची एम्प्रेस मिल आपल्या गावात सुरू झाली, त्याच घराण्याच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झ कंपनीशी करार केला आणि जमशेदपुरास ट्रक बांधण्यास आरंभ केला. १९६९ पर्यंत तो करार चालला. तोवर त्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. आता योगायोग पाहा. त्याच १९५४ साली, ४ जुलै रोजी, फ्रान्समधील रीम्स येथे हाच तारा लावलेल्या दोन रुपेरी गाड्या शर्यतीत पहिल्या व दुसऱ्या आल्या. पहिली चालवीत होता अर्जेंटिनाचा फान्जिओ, दुसरी कार्ल क्लिंग. एका घरची दोन भावंडे म्हणा ना! एक फुलांच्या हारांत न्हाऊन निघाले, आणि दुसरे आपल्याकडे पोती, सिमेंट व संत्र्याच्या पेट्या वाहू लागले. पहिल्याचे कौतुक जगाने केले. दुसऱ्याच्या चाकामागे बसणाऱ्याची विचारपूस कोणी केली, याकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

या घराण्याची कथा आरंभापासूनच कारागिराच्या हातावर उभी आहे. कार्ल बेन्झने आपल्या मोटारीचे पेटंट १८८६ च्या जानेवारीत मागितले. परंतु ही गाडी लांबचा पल्ला गाठू शकते, हे सिद्ध केले त्याच्या पत्नीने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्ट्सहाइमपर्यंत, म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक, गेली. वाटेत इंधन मिळाले औषधाच्या दुकानात, आणि झिजलेल्या ब्रेकला चामडे ठोकून दिले एका चांभाराने. त्या चांभाराचे नाव इतिहासाने ठेवले नाही. पण जगातल्या पहिल्या ब्रेक-लाइनिंगचा मान त्याच्या हाताकडे जातो.

शर्यतींचे युग आले तेव्हाही मोठा विजय मिळवला तो कारखान्यातल्या माणसाने. क्रिस्टियान लाउटेनश्लागर हा फिटरकामाची उमेदवारी केलेला गडी. १८९९ साली तो डाइम्लर कारखान्यात लागला. १९०८ ची फ्रेंच ग्रां प्री त्याने जिंकली, आणि १९१४ साली लिऑं येथे ती पुन्हा जिंकली. ७५० किलोमीटरांहून अधिक अंतर, सात तासांहून अधिक वेळ, आणि तेही कच्च्या रस्त्यांवरून! पहिल्या तिन्ही गाड्या मर्सिडीजच्या होत्या. महिनाभरात महायुद्ध पेटले, आणि त्या विजयाचे ढोल तोफांच्या आवाजात बुडून गेले.

दुसरा असाच गडी हर्मान लांग. तो मेकॅनिक म्हणून मर्सिडीजच्या शर्यत-विभागात आला, दुसऱ्यांच्या गाड्यांची इंजिने सांभाळू लागला, आणि मग स्वतः चाकामागे बसून १९३७ साली त्रिपोलीची शर्यत जिंकून आला. त्याच्या संघात फॉन ब्राउखिच नावाचा सरदार-घराण्यातला चालक होता. एका मेजवानीत त्याने स्वतःसाठी व काराचिओलासाठी शॅंपेन मागवली, आणि लांगसाठी बियर, अशी एक आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, गिरणीच्या कँटीनमध्ये ज्यांनी दोन तऱ्हेचे कप पाहिले आहेत, त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

लांगच्या गाड्यांनाच ‘रुपेरी बाण’ म्हणतात. १९३४ साली नियम झाला की, गाडीचे वजन ७५० किलोपेक्षा अधिक नसावे. मर्सिडीजची गाडी एक किलोने जड भरली, तेव्हा मेकॅनिकांनी रात्रभर बसून पांढरा रंग खरवडला आणि खालचा रुपेरी पत्रा उघडा पडला, अशी कथा आहे. इतिहासकार तिच्याविषयी शंका घेतात. प्रतिस्पर्धी होता ऑटो युनियन. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख आणि वांडरर या चार कारखान्यांचा तो संघ. आजच्या ऑडी गाडीवरची चार कडी ती हीच. फर्डिनांड पोर्शे यांनी त्यांच्या गाडीचे सोळा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले. तेव्हा ते विचित्र वाटले. आज फॉर्म्युला वनची प्रत्येक गाडी तशीच असते.

पण हा पैसा आला कोठून? हिटलरच्या राजवटीने दोन्ही कंपन्यांना शर्यतीसाठी अनुदान दिले होते, कारण तिला आपल्या प्रचारासाठी विजय हवे होते. २८ जानेवारी १९३८ रोजी सार्वजनिक महामार्गावर काराचिओलाने ताशी ४३२.७ किलोमीटरांचा विक्रम केला. तो मोडण्यासाठी त्याच दिवशी निघालेला ऑटो युनियनचा तरुण बर्न्ड रोझमायर गाडी फेकली जाऊन ठार झाला. पुढे युद्धात याच कारखान्यांतून काय चालले, ते या कंपन्यांनीच पुढे मान्य केले आहे. १९४४ साली डाइम्लर-बेन्झच्या ६३,६०० च्या आसपास कामगारांपैकी जवळजवळ निम्मे वेठीला धरून आणलेले परदेशी, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतले बंदी होते. ऑडीने करविलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ऑटो युनियनने छळछावण्यांतल्या ३,७०० हून अधिक बंद्यांना राबवले. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योग यांनी मिळून नुकसानभरपाईचा निधी उभारला. तोवर त्यातले कितीतरी जण मरून गेले होते. रुपेरी रंगाचे कौतुक करताना हा काळा हिशेबही वाचला पाहिजे. संग्रहालयात गाडी चकचकीत दिसते; वेठीला आणलेल्यांचे हात तेथे दिसत नाहीत.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. फ्रान्समध्ये ल मां येथे चोवीस तासांची शर्यत होते. १९५२ साली पिएर लवेग हा फ्रेंच चालक आपल्या टाल्बो गाडीत सर्वांच्या पुढे होता. गाडीला दोन चालक नेमलेले असताना त्याने सोबत्याला चाक दिले नाही. बावीस तासांहून अधिक वेळ तो एकटाच चालवीत राहिला. थोडाच वेळ उरला असताना इंजिन मोडले. थकलेल्या हाताने गिअर चुकला, असे पुष्कळांचे मत आहे. जिंकला कोण? मर्सिडीजचा हर्मान लांग, आणि त्याचा सोबती फ्रिट्झ रीस. आळीपाळीने काम करणारे दोघे जिंकले.

तीन वर्षांनी मर्सिडीजने याच लवेगला आपल्या संघात घेतले. ११ जून १९५५ रोजी ल मां येथेच, पुढची गाडी अचानक आडवी आल्याने, त्याची गाडी उडून प्रेक्षकांत घुसली. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. त्यात दोष एका माणसाचा नव्हता; रस्ता अरुंद, थांबण्याची जागा रस्त्यालगत, आणि प्रेक्षक हाताच्या अंतरावर. मर्सिडीजने रात्रीच उरलेल्या गाड्या मागे घेतल्या आणि वर्षाअखेर शर्यती सोडल्या. फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचा संघ घेऊन ती परतली २०१० साली.

परंतु शर्यतीचे जग त्यातून शिकले. प्रेक्षक मागे हटवले, भिंती उभारल्या, नियम कडक केले. आज ल मां येथे कोणत्याही चालकाला सहा तासांत चार तासांहून अधिक आणि चोवीस तासांत चौदा तासांहून अधिक गाडी चालविता येत नाही. जगातला सर्वांत धाडसी, सर्वांत धडधाकट चालक, पाठीशी डॉक्टर व तीस-चाळीस मेकॅनिक, आणि तरी त्याच्या हातून चाक काढून घेण्याचा नियम आहे!

आता आपल्या गावाकडे पाहा. नागपूर हा देशाच्या हमरस्त्यांचा चौक. वाडीच्या नाक्यावर उभे राहा आणि उतरणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरला विचारा, ‘भाऊ, शेवटचे कधी झोपलास?’ १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्यात सामान्यतः दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा सांगितला. कागदावर ते सुंदर होते. पण खेपेवर पैसे मिळत असतील तर झोप म्हणजे कापलेली मजुरी, हे ट्रकवाल्यांच्या बायकांना ठाऊक आहे. २०२५ मध्ये नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट. नागपूरच्या मे महिन्यात ती चैन नव्हे. तरी थंड केबिनमध्येही थकलेला डोळा मिटतोच.

आपल्या दारातून ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग सुरू होतो. २०२५ च्या जूनपासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झाला. त्याच मार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस पेटली आणि पंचवीस जीव गेले. त्या अपघाताच्या कारणांचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. पण शर्यतीच्या रस्त्याइतका सरळ रस्ता बांधायचा असेल, तर शर्यतीची शिस्तही आणावी लागते, एवढे म्हणण्याचा आम्हांला अधिकार आहे.

आमच्या मागण्या तीन आहेत. लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीवर दुसरा ड्रायव्हर असावा. मजुरी खेपेवर न ठरता तासांवर ठरावी, आणि त्या तासांची नोंद ड्रायव्हरच्या हाती राहावी. ठरावीक अंतरावर खाट, पाणी आणि संडास असलेली विश्रांतीची जागा असावी. यांत काही क्रांतिकारक नाही. शर्यतवाल्यांनी हे सारे पैसेवाल्या चालकांसाठी केव्हाच केले आहे.

शेवटी तरुणांसाठी दोन शब्द. जर्मन मोटारी आज पुण्याजवळ चाकणला बांधल्या जातात. मर्सिडीज आणि फोक्सवॅगन यांचे तेथले कारखाने २००९ साली सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनने पोलो गाड्यांची शर्यतमालिका देशात भरवली. आपल्या आयटीआयतली मुले तेथे जावोत, इंजिन उघडायला शिकोत, आणि लांगप्रमाणे कोणी चाकामागेही बसो. त्यांनी वेगाचे वेड जरूर घ्यावे. मात्र कारखान्यात वा रस्त्यावर, कोणी बावीस तास एकट्याने ओढायला सांगितले, तर लवेगची गोष्ट आठवावी आणि सोबत्याला चाक देण्याचा हक्क मागावा.