रमण्यातील दक्षिणा आणि पुण्याचे उच्च शिक्षण

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'इंग्रजांनी कारकून तयार करण्यासाठी शिक्षण दिले' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. इंग्रजी अमलाखालच्या पुण्यात एकोणिसाव्या शतकात कोण काय शिकवत होते, कशासाठी शिकवत होते आणि मुख्य म्हणजे कोणाच्या पैशाने शिकवत होते, हे पाहिले की चित्र बरेच गुंतागुंतीचे दिसू लागते. आजचा विषय तोच आहे.

प्रारंभ पर्वतीच्या पायथ्याशी करावा लागेल. पेशवाईत श्रावण महिन्यात तेथील रमण्यात दक्षिणा वाटली जात असे. ही प्रथा मूळची तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे दक्षिणेचे केंद्र पुण्याला आले. देशभरचे विद्वान त्यासाठी पुण्यास येत. शास्त्रांत परीक्षा देऊन मोठी दक्षिणा मिळवणारे त्यांत होते, तसेच केवळ रांगेत उभे राहून काही नाणी घेऊन जाणारेही होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर दुसऱ्या प्रकारच्या लोकांचीच गर्दी फार झाली. तरीही विद्येला राज्याचा आश्रय असतो आणि तो परीक्षा घेऊन द्यायचा असतो, हा संकेत त्या प्रथेने रुजवला होता, हे नाकारता येणार नाही.

१८१८ मध्ये राज्य गेले. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन धूर्त प्रशासक होता. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्याचा ब्राह्मणवर्ग बिथरेल, हे त्याला उमजत होते. त्याने ती मर्यादित स्वरूपात चालू ठेवली आणि तिचा काही भाग पाठशाळेकडे वळवावा, अशी योजना आखली. त्याच्यामागून आलेला कमिशनर विल्यम चॅप्लिन याने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजेच पुण्याची संस्कृत पाठशाळा, सुरू केली. वाडा बाजीरावाचा, पैसा दक्षिणेचा आणि हुकूम कंपनी सरकारचा! पुढच्या ऐंशी वर्षांच्या कथेचे बीज या एका व्यवस्थेत आहे.

पाठशाळेत काय शिकवले जात होते? वेद, व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष आणि वैद्यक. आजच्या भाषेत बोलायचे तर भाषाशास्त्र, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, कायदा, साहित्यशास्त्र, खगोलगणित आणि वैद्यकशास्त्र अशा शाखा एका छपराखाली होत्या. एका पराभूत राजधानीत, राज्य जाऊन तीनच वर्षे झालेली असताना, एवढ्या विषयांचे अध्यापक उभे राहू शकले, याचा अर्थ ती विद्या घराघरांतून जिवंत होती. मात्र हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या पाठशाळेचे दार समाजाच्या फार मोठ्या भागाला बंद होते. भूगोल नव्हता, इतिहास नव्हता, ज्या भाषेत पुणे बोलत होते त्या मराठीलाही तेथे जागा नव्हती. अटकेपर्यंत स्वारी केलेल्या राज्याच्या विद्वानांना ज्यांनी आपल्याला जिंकले त्यांचा देश नकाशावर कोठे आहे, हे शिकण्याची सोय नव्हती. ही उणीव इंग्रजांनी निर्माण केलेली नव्हती.

सरकारचा हेतू बदलत गेला तसा अभ्यासक्रमही बदलत गेला. १८३७ मध्ये जुन्या विद्येच्या काही शाखा कमी करण्यात आल्या, मराठी आणि इंग्रजी यांचा प्रवेश झाला आणि निदान कागदोपत्री तरी पाठशाळा सर्व वर्णांना खुली झाली. १८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज स्थापन झाले. मेजर कँडी हे त्याचे प्रमुख. मोल्सवर्थच्या कोशाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तेच हे कँडी.

याच सुमारास दक्षिणेवरून पुण्यात मोठा वाद पेटला. लोकहितवादी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी दक्षिणेच्या रकमेचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, असा अर्ज १८४९ मध्ये सरकारकडे केला. जुन्या मंडळींना हा आपल्या ताटावरचा घाला वाटला. अखेर दक्षिणा प्राइझ कमिटी झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. वाद पैशाचा दिसला, तरी खरा प्रश्न होता ज्ञान कोणत्या भाषेत आणि कोणासाठी असावे, हा. ज्या वाड्यात ही पाठशाळा भरे, त्याच विश्रामबाग वाड्यात १८५२ च्या नोव्हेंबरमध्ये जोतीराव फुले यांचा मुलींच्या शिक्षणाच्या कार्याबद्दल सरकारतर्फे सत्कार झाला. एकाच इमारतीत त्या काळी किती निरनिराळी पुणी नांदत होती!

१८५७ हे वर्ष आपल्याला स्वातंत्र्यसमरासाठी आठवते. त्याच वर्षीच्या १८ जुलैला मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. हे विद्यापीठ शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. अभ्यासक्रम ठरवी आणि पदवी देई. १८५९ ची पहिली प्रवेशपरीक्षा १३२ जणांनी दिली, उत्तीर्ण झाले २२. पुण्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी मुंबई गाठावी लागे आणि बोरघाटातील लोहमार्ग तर अद्याप पुरा व्हायचा होता. १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे दक्षिणा फेलो होते. रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा आता शिष्यवृत्तीच्या रूपाने पदवीधराच्या हाती पडत होती. दाभाड्यांचा आणि पेशव्यांचा संकेत नव्या वेषात चालूच होता.

पण विद्यापीठाने एक गोष्ट अशी केली की तिचे दुष्परिणाम दीर्घकाळ भोगावे लागले. पहिल्या दशकातच वरच्या परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषांना काढून टाकण्यात आले. इंग्रजी अनिवार्य, तिच्या जोडीला संस्कृत किंवा लॅटिनसारखी एखादी अभिजात भाषा, शिवाय गणित, इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, अर्थशास्त्र. मराठी मुलगा मॅट्रिक झाला की त्याच्या शिक्षणातून मराठी हद्दपार होई. देशी भाषांत उच्च दर्जाचे वाङ्मय नाही, असा यामागचा युक्तिवाद होता. ज्या भाषेत ज्ञानेश्वरी आहे, तिच्याविषयी हा निवाडा होता आणि निवाडा देणाऱ्यांना ती भाषा नीट वाचताही येत नव्हती.

पूना कॉलेजचे १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्यास नदीपलीकडे देखणी दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज विश्रामबागेतून तेथे गेले. विद्यार्थी गावापासून तुटले, वसतिगृहात राहू लागले. शास्त्र्यांच्या पाठशाळेचे रूपांतर ऑक्सफर्डच्या नमुन्यावरील निवासी कॉलेजात झाले, ते असे.

तेथील अध्यापकवर्ग पाहण्यासारखा होता. एडविन अर्नोल्ड हे पूना कॉलेजचे प्राचार्य होते. बुद्धचरित्रावरील त्यांचे काव्य आणि गीतेचे त्यांनी केलेले इंग्रजी रूपांतर पुढे जगभर गेले. जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी येथे असताना ऐतरेय ब्राह्मण संपादून १८६३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यासाठी यज्ञविधी प्रत्यक्ष जाणणाऱ्या श्रौतींना गाठले. त्यांच्यानंतरचे कीलहॉर्न हे पतंजलीच्या महाभाष्याचे सर्वमान्य संपादक. पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून त्यांनी व्याकरणाच्या ग्रंथी उकलल्या. गंमत पाहा, पदवी देण्याचा अधिकार कीलहॉर्नच्या विद्यापीठाकडे होता आणि महाभाष्याची परंपरा शास्त्र्यांकडे. कीलहॉर्न गेल्यावर १८८२ मध्ये भांडारकरांना ती जागा मिळाली. त्याआधी या जगन्मान्य पंडितावर किती वर्षे हंगामी नेमणुकांवर समाधान मानण्याची पाळी आली होती!

आणि केरूनाना छत्रे. त्यांच्यापाशी विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती. गणित आणि सृष्टिशास्त्र ही त्यांची क्षेत्रे. १८६० मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत लिहून पाश्चात्त्य गणित पंचांगकर्त्यांच्या हाती दिले. बाळ गंगाधर टिळक त्यांचेच शिष्य. टिळकांनी पुढे पंचांगशुद्धीच्या प्रश्नात जी आस्था दाखवली, तिचे मूळ छत्र्यांच्या वर्गात शोधावे लागते. पाठशाळेतील ज्योतिष अभ्यासक्रमातून गेले, पण अशा एका अध्यापकामुळे ते दुसऱ्या दाराने परत आले.

सरकारची गरज कोठे होती, हे पाहायचे असेल तर डेक्कन कॉलेजकडून दुसऱ्या संस्थेकडे वळावे. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते, म्हणून १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. १८६६ मध्ये तो विद्यापीठाशी संलग्न झाला. पुढे शेती आणि वनविद्या यांची भर पडून त्याचे कॉलेज ऑफ सायन्स झाले. हेतू खात्यापुरता होता. पण याच कॉलेजातून १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला एक तरुण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. कारकून घडवण्याच्या साच्यातून नेहमी कारकूनच बाहेर पडतात असे नाही.

मात्र १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन केले, ते या सर्व वैभवावर बोट ठेवणारे होते. सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणावरचा मोठा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. खेड्यातील प्राथमिक शाळा उपाशी राहते, असे त्यांचे म्हणणे होते. येरवड्याच्या दगडी कमानींकडे पाहताना हे निवेदन शेजारी ठेवलेच पाहिजे. कॉलेजात शिकलेल्या पिढीने त्या आक्षेपाचे उत्तर समाधानकारकपणे दिले, असे म्हणता येत नाही.

त्या पिढीने दुसरे एक काम मात्र केले. विष्णुशास्त्री चिपळूणकर डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थी. टिळक आणि आगरकर १८७९ मध्ये येरवड्याच्या वसतिगृहात राहून स्वतःच्या शिक्षणसंस्थेची स्वप्ने रंगवत होते. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. गव्हर्नरचे नाव देण्यामागे व्यवहार होता. त्याबद्दल आज नाके मुरडण्याचे कारण नाही. वामन शिवराम आपटे प्राचार्य, टिळक गणित आणि संस्कृतला, आगरकर इतिहास आणि तर्कशास्त्राला, केळकर इंग्रजीला, गोळे सृष्टिशास्त्राला. आजीव सदस्याने वीस वर्षे काम करायचे आणि वेतन मासिक ७५ रुपये. सरकारी नोकरीत याच माणसांना याच्या कितीतरी पट मिळाले असते. कॉलेज पुन्हा पेठेतल्या वाड्यात आले होते. अध्यापक आपले, व्यवस्था आपली, पैसाही समाजाने दिलेला.

अभ्यासक्रम मात्र मुंबईचाच होता. हीच या कथेतील खरी कोंडी आहे. विद्यापीठाशी संलग्न झाल्याशिवाय पदवी नाही आणि संलग्न झाले की ग्रंथ, विषय, प्रश्नपत्रिका सारे बाहेरून येणार. फर्ग्युसनच्या वर्गात टिळकांनाही मराठीचा तास घेता येणे शक्य नव्हते. तेव्हा या मंडळींनी जे वर्गात करता येत नव्हते ते वर्गाबाहेर केले. आगरकरांनी 'हॅम्लेट' वरून 'विकारविलसित' लिहिले आणि १८८८ मध्ये 'वाक्यमीमांसा' हा मराठी वाक्यरचनेवरचा ग्रंथ सिद्ध केला. ज्या भाषेला ते अध्यापक असलेल्या कॉलेजात स्थान नव्हते, तिचे व्याकरण त्यांनी वर्गाबाहेर रचले. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. 'केसरी' आणि 'मराठा' तर होतेच. पुण्याच्या या दुसऱ्या विद्यापीठाला ना संलग्नता लागली, ना परीक्षा.

विद्यापीठाच्या आत राहून लढा दिला तो न्यायमूर्ती रानड्यांनी. मराठीत शिकवण्याजोगे वाङ्मयच नाही, हा जुना आक्षेप खोडण्यासाठी त्यांनी मराठी ग्रंथसंपदेच्या वाढीवर १८९८ मध्ये सविस्तर टिपण लिहिले. पुस्तके मोजून, विषयवार मांडून दाखवली. अनेकदा ठराव फेटाळले गेले. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले आणि त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. बी.ए.चा दरवाजा उघडायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली.

अभ्यासक्रमही आपलाच असावा, हा प्रयोग शेवटी पुण्याबाहेर झाला. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी सुरू केलेले समर्थ विद्यालय संलग्नतेच्या वाटेला गेले नाही. शिक्षण मराठीतून, विषय स्वतः निवडलेले, हातांना उद्योगाचे वळण. ते स्थिरावले तळेगावला, दाभाड्यांच्या तळेगावला, जेथून दक्षिणेची प्रथा निघाली होती. फर्ग्युसन कॉलेज चालू द्यायला सरकारची हरकत नव्हती. समर्थ विद्यालय मात्र १९१० मध्ये सरकारने बंद पाडले.