इंधनपिकांचा जमाखर्च



पुणे-सोलापूर मार्गावरील मांजरी येथे साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी 1975 साली स्वतःची संशोधन संस्था उभी केली. डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने आरंभ झालेली ही संस्था आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सर्वपरिचित आहे. ऊस कसा वाढवावा आणि मळीपासून मद्यार्क कसा काढावा, याचे शास्त्र येथे शिकविले जाते. त्या मांजरीत एक प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये. पिकातून जेवढे इंधन हाती येते, ते मिळविण्यासाठी आधी किती इंधन जाळावे लागते?

हिशेब साधा आहे. हेक्टरी 80 टन ऊस धरला आणि टनाला 70 लिटर इथेनॉल, तर 5,600 लिटर होतात. एका लिटरमध्ये सुमारे 21 मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये 32. म्हणजे हेक्टरी जमा सुमारे 118 गिगाज्यूल. (एक गिगाज्यूल म्हणजे विजेची 278 युनिटे.) खर्चाच्या बाजूला सुरू उसाला 250 किलो नत्र, ते बनविण्यासाठी कारखान्यात 15 गिगाज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. गाळप आणि ऊर्ध्वपातन मात्र उसाच्याच बगॅसवर चालते. ऊस आपले सरपण स्वतःच घेऊन येतो, हे त्याचे खरे वैभव होय.

मक्याजवळ हे वैभव नाही. हेक्टरी 3 टन मका आणि टनाला 380 लिटर धरले, तर जेमतेम 24 गिगाज्यूल पदरी पडतात. पीक चार महिन्यांचे असले तरी भट्टीसाठी कोळसा वा भाताचे तूस बाहेरून आणावे लागते. अमेरिकेतील मक्याच्या इथेनॉलमधून खर्चाच्या सुमारे 1.3 पट ऊर्जा मिळते, असा तेथील कृषी खात्याचा 2002 चा निष्कर्ष होता. डेव्हिड पिमेंटल यांच्यासारखे शास्त्रज्ञ तर तो व्यवहार तोट्याचाच मानीत. ब्राझीलच्या उसाचे उत्तर 9 पटींच्या घरात जाते.

हा नऊचा आकडा आपल्याकडे सभा-संमेलनांतून सर्रास सांगितला जातो. तो जसाच्या तसा उचलणे ही आत्मवंचना आहे. ब्राझीलचा ऊस मुख्यतः पावसावर वाढतो, महाराष्ट्राचा पंपावर. हेक्टरी 2 कोटी लिटर पाणी विहिरीतून 20 मीटर उचलायचे, पंपाची एकूण कार्यक्षमता 40 टक्के धरायची आणि वीज कोळशाची. तर सुमारे 30 गिगाज्यूलचा कोळसा जळतो. तेच पाणी कूपनलिकेतून 60 मीटर उचलले, तर 90! म्हणजे 118 पैकी 90 पाण्यापायीच गेले आणि 15 नत्रात. मशागत, तोडणी, वाहतूक अजून बाकीच आहे. कालव्याने आपोआप येणाऱ्या पाण्यावरचा ऊस आणि तळ गाठलेल्या कूपनलिकेवरचा ऊस ही ऊर्जेच्या दृष्टीने दोन निराळी पिके आहेत. कारखान्याच्या काट्यावर मात्र दोन्हींचे वजन एकच. त्यातच 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज राज्यात विनामूल्य झाल्याने हा खर्च शेतकऱ्याच्या वहीतूनही पुसला गेला. सौरपंपाने कोळसा वाचेल हे खरे, परंतु पाणी वाचत नाही. साखरपिकातून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे 2,860 लिटर पाणी लागते, हा नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातील आकडा आहे.

डिसेंबर 2023 मध्ये दुष्काळाच्या सावटाखाली उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले, आणि त्याच हंगामात धान्याधारित इथेनॉलने उसाला मागे टाकले. ज्याचा ऊर्जालाभ तुटपुंजा, तेच पीक पुढे आले. आयात तेलावरील परावलंबन कमी करण्यासाठी मिश्रण आवश्यक आहे. पण त्या मिश्रणातील किती ऊर्जा निव्वळ आहे, हे मोजलेच पाहिजे.

मोगली एरंडाचा गाजावाजा या मोजणीअभावीच फसला. याउलट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर दशकानुदशके काम केले. हेक्टरी 35 टन ताटे आणि टनाला 40 लिटर धरले, तर 29 गिगाज्यूल होतात, तेही चार महिन्यांत आणि उसाच्या तुलनेत फार थोड्या पाण्यावर. शिवाय कणसातली ज्वारी घरात येते आणि चोथ्याचे सरपण होते. अडचण एवढीच की कापणीनंतर ताटांतील साखर झपाट्याने घटते, त्यामुळे गाळप एक-दोन दिवसांत व्हावे लागते. गाळप आटोपल्यावर महिनोन् महिने थंड राहणाऱ्या साखर कारखान्यांच्या चरकांकडे पाहून हा प्रश्न मांजरीला विचारावासा वाटतो.