काढलेलं मीठ ठेवायचं कुठं?



अध्यक्षीय भाषणाला मी विषय घेतलाय सूर्याच्या उजेडावर समुद्राचं पाणी गोड करण्याचा. नागपूरच्या नंदनवनात बसून समुद्र? इथून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. पण मुंबईच्या समुद्राचं पाणी गोड करायचं ठरलं की त्याचा एक धागा विजेच्या तारांतून थेट आपल्या कोराडीच्या वीजकेंद्रापर्यंत येतो. दुसरा धागा पूर्णा नदीच्या काठी आहे, त्याकडे शेवटी येतो.

ही कल्पना नवी नाही. १८७२ साली चिलीच्या वाळवंटात, लास सालिनासला, चार्ल्स विल्सन नावाच्या अभियंत्याने काचेखाली खारं पाणी पसरून उन्हाने वाफ धरायला सुरुवात केली. सोऱ्याच्या खाणीतल्या खेचरांना पाजायला पाणी हवं होतं. सुमारे ४,७०० चौरस मीटर काच आणि दिवसाला बावीस-तेवीस हजार लिटर पाणी. म्हणजे चौरस मीटरला पाचेक लिटर. दीडशे वर्षं झाली, साध्या सौर ऊर्ध्वपातनाचा आकडा आजही तीन ते पाच लिटरच्या आसपासच आहे. पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता निसर्गाने ठरवून ठेवलीय, तिथं घासाघीस चालत नाही.

म्हणून जगाने वाफ सोडून पडद्याची वाट धरली. रिव्हर्स ऑस्मोसिस, आपल्या भाषेत आरओ. लिटरभर समुद्रात ३५ ग्रॅम क्षार. ते वेगळे करायला हजार लिटरमागे तत्त्वतः एक युनिटच्या आसपास ऊर्जा लागते, चांगला प्रकल्प तीन-साडेतीन युनिटांत काम करतो. आता यात सुधारणेला जागा थोडी उरलीय. उद्या कुणी दहापट स्वस्त पडदा आणल्याची बातमी दिली, तर बातमीकडे जरा जपून बघा.

आता मुंबई. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मनोरीला दिवसाला २० कोटी लिटरचा प्रकल्प जाहीर केला, पुढे तो ४० कोटींपर्यंत वाढवायचा. पालघर जिल्ह्यातलं गारगाई धरण बांधलं तर लाखो झाडं जातात, म्हणून समुद्राकडे वळायचं, असा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. नंतर निविदा निघाल्या, बदलल्या, पुन्हा निघाल्या, आणि गारगाईचं नावही परत ऐकू येऊ लागलं. कागदावर आपल्याकडे काहीच मरत नाही.

हे २० कोटी लिटर सौर करायचे म्हणजे काय, ते पाटीवर मांडू. साडेतीन युनिटांच्या हिशेबाने दिवसाला सात लाख युनिट. एक मेगावॅटचे पॅनेल दिवसाला साडेचार हजार युनिट देतात असं धरलं तर दीडशे मेगावॅटच्या वर लागतात, म्हणजे सहाशे एकरांच्या पुढे जमीन. मनोरीला प्रकल्पासाठी धरलेली जागा १२ हेक्टर, म्हणजे तीस एकर. विल्सनच्या पद्धतीने काच अंथरायची म्हटली तर मुंबईचा साधारण दहावा हिस्सा काचेखाली जाईल. तेव्हा मनोरीचा सूर्य मनोरीत उगवणार नाही. तो मराठवाड्यात किंवा आपल्याकडे कुठंतरी उगवेल आणि तारेने जाईल.

आणि रात्री? पडद्यांना सारखं थांबणं-चालू होणं मानवत नाही, शिवाय एवढे पैसे ओतलेला कारखाना दिवसातले सहा तास चालवला तर पाण्याचा दर कुणाला परवडेल? म्हणून तो चोवीस तास चालणार. सूर्य मावळला की राज्याच्या ग्रिडमधून, आणि ग्रिड म्हणजे अजून तरी मोठ्या हिश्शाने कोळसा. ते सात लाख युनिट पूर्ण कोळशावर काढले तर रोज साडेचारशे टनांच्या आसपास कोळसा आणि दीडशे टनांवर राख. ही वीज काढायला लागणारं पाणी, खरं सांगायचं तर, फार नाही, तयार होणाऱ्या पाण्याच्या शेकडा एक. विदर्भाचं पाणी मुंबईने प्यायलं असं भाषण मी ठोकणार नाही. पण राख आपल्याच अंगणात पडते. २०२२ च्या जुलैत कोराडीच्या खसाळ्यातल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा ती कन्हान नदीपर्यंत पोचली होती, आणि कन्हान आपण पितो.

पैशांची बाजूही बघा. चेन्नईजवळच्या मिंजूरचा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. तिथला सुरुवातीचा करारातला दर हजार लिटरला अठ्ठेचाळीस रुपयांच्या घरात होता. मुंबईत घरगुती नळाला हजार लिटरमागे दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. फरक कुणीतरी भरणारच. आज सौर वीज अडीच रुपये युनिटपर्यंत उतरली, हे खरं. पण वीज हा दराचा एक भागच असतो. पडदे बदलणं, समुद्रातल्या नळ्या, कर्ज आणि व्याज यांवर ऊन पडून काही उपयोग नाही. चेन्नईला किंवा लक्षद्वीपच्या कवरत्तीला दुसरा इलाज कमी होता. कवरत्तीत २००५ पासून समुद्राच्या वरच्या आणि खोलच्या तापमानातल्या फरकावर दिवसाला लाखभर लिटर पाणी होतं, पडद्याशिवाय. ज्या शहरातलं पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी गळतीत आणि चोरीत जातं, त्या शहराने समुद्राकडे हात पसरण्याआधी आपले पाइप तपासावेत, असं माझं मत आहे.

शिवाय गोडं होऊ शकणारं मैलापाणी समुद्रात सोडायचं आणि मग तेच समुद्रातून उपसायचं, याला काय म्हणावं? भांडेवाडी इथून किती लांब आहे? नागपूरचं मैलापाणी तिथं शुद्ध होतं आणि कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. त्या पाण्यात समुद्राच्या तुलनेत क्षार नावापुरते. नाग नदीच्या वासावर विनोद करणाऱ्यांनी हे एक काम मात्र मान्य करावं.

ऊर्जेचा प्रश्न उद्या सुटेलही. राहतं ते मीठ. गोड्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे लिटर-सव्वा लिटर दुप्पट खारट पाणी, वर पडदे धुण्याची रसायनं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासात जगातल्या सुमारे सोळा हजार प्रकल्पांचा आकडा आहे: रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडं पाणी आणि चौदा कोटींवर घनमीटर खारट पाणी. मनोरीच्या कोळ्यांना आणि खाडीतल्या खारफुटीला हा आकडा कुणी वाचून दाखवलाय की नाही, कोण जाणे. समुद्र मोठा आहे, खाडी मोठी नाही.

समुद्राकाठी निदान खारट पाणी टाकायला समुद्र तरी आहे. पूर्णेच्या काठी तोही नाही. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतला खारपाण पट्टा आपल्यातल्या अनेकांचं माहेर किंवा आजोळ आहे. हेरीला पाणी असून पिता येत नाही, पिकाला देता येत नाही. वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेडी योजना आली; जिथं नळ वेळेवर येत नाही तिथं पाच रुपयांचं नाणं टाकून वीस लिटरचा कॅन भरण्याचं यंत्र आलं. सौर निःक्षारीकरण खरं शोभतं ते इथं. पंधराशे वस्तीच्या गावाला माणशी आठ लिटर पिण्यापुरतं, म्हणजे बारा हजार लिटर. समुद्राच्या दहाव्या हिश्शाहून कमी क्षार, म्हणून पाच-सहा किलोवॅटचे पॅनेल पुरे, शाळेच्या छतावर मावतील. बॅटरी नको, कारण दिवसा भरलेली टाकी हीच बॅटरी.

पण बारा हजार लिटर गोडं करताना तेवढंच जास्त खारट पाणी, म्हणजे रिजेक्ट, निघतं. हेरीच्या पाण्यात लिटरला तीन ग्रॅम क्षार धरा, तर रोज सत्तर किलो. वर्षाला पंचवीस टन, एका गावातून. आज ते नालीत जातं, नालीतून मातीत, मातीतून परत हेरीत. खाली कापड घालून उन्हाने आटवायचं म्हटलं, तर पावसाळा धरून एकरभर तळं लागेल. ही जमीन आणि त्या कापडाचा खर्च अजून एकाही प्रस्तावात मी पाहिलेला नाही.

नागपूरच्या नीरीला हा प्रश्न ओळखीचा असायला हवा. १९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत दिली, बादलीत जमणारी, गावाला परवडणारी. तिच्याही तळाशी गाळ उरतोच. पण बादलीतला गाळ बाईला डोळ्यांनी दिसतो. आरओच्या नळीतून गेलेलं कुणालाच दिसत नाही, आणि म्हणून ते हिशेबात येत नाही. शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर हरभरा काढणारे या पट्ट्यातले शेतकरी तो हिशेब आपल्यापेक्षा चांगला जाणतात. ते खारं पाणी गोड करत बसत नाहीत, गोडं पाणी खाऱ्यात मिसळू देत नाहीत.

दुपारच्या सत्रात लहान सौर संयंत्रांवर निबंध आहेत. वाचणाऱ्यांना अध्यक्ष म्हणून एकच विनंती करतो: दिवसाला किती लिटर गोडं हे सांगण्याआधी किती लिटर रिजेक्ट आणि ते कुठं जातं, ते सांगा. ज्यांच्या तक्त्यात तो रकाना नाही, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत भरून घ्यावा. वेळ पुरेसा आहे.