विल्सनचा रोग : वेळीच ओळखल्यास आटोक्यात येणारा आनुवंशिक विकार



आनुवंशिक रोग म्हणजे नशिबाचा भोग, त्यावर इलाज नाही, अशी समजूत समाजात खोलवर रुजली आहे. मेंदूची झीज करणाऱ्या रोगांबाबत ती बऱ्याच अंशी खरीही ठरते. विल्सनचा रोग मात्र तिला ठळक अपवाद होय. वेळीच उपचार झाल्यास रुग्ण सर्वसाधारण आयुष्य जगू शकतो. न झाल्यास हा रोग प्राणघातक ठरतो.

डॉ. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. शरीराला तांबे अल्प प्रमाणात हवे असते. जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. या कार्याशी संबंधित जनुक १९९३ साली सापडले. ते सदोष असल्यास तांबे यकृतात व पुढे मेंदूत साचत जाते.

रोगाची लक्षणे बहुधा शालेय वयात किंवा तारुण्यात दिसू लागतात. काहींना कावीळ होते किंवा पोटात पाणी साचते. काहींचे हस्ताक्षर बिघडते, बोलणे अडखळते, लाळ गळते, हात थरथरतात, स्वभाव चिडचिडा होतो. असे मूल आळशी ठरविले जाते किंवा मांत्रिकाकडे नेले जाते, आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो.

केवळ एका तपासणीवरून निदान होतेच असे नाही. रक्तातील सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतील तांबे आणि बुबुळाच्या कडेचे तपकिरी कडे यांचा एकत्रित विचार करावा लागतो. मेंदूत विकार पोहोचला असल्यास हे कडे बहुधा आढळते.

मातापिता स्वतः निरोगी असूनही दोघे सदोष जनुकाचे वाहक असू शकतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. आतेमामे भावंडांच्या विवाहात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. म्हणून एका मुलास रोग आढळताच त्याच्या सर्व सख्ख्या भावंडांची, ती ठणठणीत दिसत असली तरी, तपासणी झालीच पाहिजे. लक्षणांपूर्वी उपचार सुरू झाल्यास ती निरोगी राहू शकतात.

डॉ. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणले. ते साचलेले तांबे लघवीवाटे बाहेर काढते. जस्ताची औषधे आतड्यातून तांबे शोषले जाऊ देत नाहीत. पेनिसिलामाइनने प्रारंभी काहींची लक्षणे वाढतात. म्हणून तज्ज्ञांची देखरेख व नियमित तपासण्या आवश्यक आहेत. यकृत निकामी झाल्यास यकृत-प्रत्यारोपण करावे लागते. रुग्णाने तांब्याच्या भांड्यात साठविलेले पाणी पिऊ नये.

हे उपचार आयुष्यभर चालतात. बरे वाटले म्हणून औषध बंद करणे जिवावर बेतू शकते. शिक्षकांनी मुलातील बदल पालकांच्या वेळीच नजरेस आणावा आणि पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबास जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास व औषधात खंड पडू न देण्यास साहाय्य करावे.